बांगडीसारखं घातलेलं घड्याळ

सायकलवर टांग टाकण्याआधी काकी दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपराकडे सारायच्या. आधी उजव्या, मग डाव्या. भांडायला उठलेली बाई सारते, अगदी तशा. हिरव्या काचेचा भरगच्च चुडा, त्यात सोन्याच्या पाटल्या, अंगात काकांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि खाली मुलाची ट्रॅकपँट. आमच्या सायकल क्लबची मंडळी पहाटे झगमगीत जर्सी घालून पुलाखाली जमायची, टायरमधल्या हवेवर चर्चा करायची. काकी दोन मिनिटं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हितं उभं राहून काय अंडी घालायची हायेत?" की निघाल्याच.

त्या माझ्या घरमालकीण. माहेर ओवे गावचं, सासर पनवेलजवळच्याच एका गावातलं. शेती आणि मिठागर सरकारने घेतलं, त्याबदल्यात मिळालेल्या प्लॉटवर काकांनी इमारत बांधली आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर मी भाडेकरू म्हणून राहायला आले. मी कॉलेजात गणित शिकवते, म्हणून मी त्यांची 'मास्तरीण'. घरभाडं घ्यायला येताना त्या वाटीभर कोलंबीचं कालवण घेऊन यायच्या, आणि मी शाकाहारी आहे हे त्यांनी शेवटपर्यंत मनावर घेतलं नाही.

सायकल मुळात काकांची. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून त्यांनी गिअरची भारी सायकल आणली, दोनदा चालवली, आणि मग त्यांच्या किडन्यांनीच दगा दिला. सायकल जिन्याखाली उभी राहिली. "येवढी गारी काय गंजत ठेवायची?" म्हणत काकी एक दिवस तिच्यावर बसल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, मिठागरात डोक्यावर पाट्या वाहून तयार झालेली मान आणि पाठ. महिन्याभरात त्या कर्नाळ्याच्या चढावर आमच्यातल्या तरण्याताठ्यांना "बाजू, बाजू" म्हणत मागे टाकायला लागल्या.

तुम्ही कधी अशा सायकलवाल्यांच्या घोळक्यात गेला असाल तर तुम्हाला माहीत असेल, चढ संपला की कुणी डोंगराकडे बघत नाही. सगळे मनगटाकडे बघतात. किती अंतर झालं, वेग किती, हृदयाचे ठोके किती. आमच्यातला एक इंजिनिअर तर दम लागलाय की नाही हेसुद्धा घड्याळात बघून सांगायचा. काकींना याचा भयंकर राग. "घड्यालाला काय इचारतंस? मला इचार ना," असं त्या त्याला दर रविवारी ऐकवायच्या. तो हसायचा आणि पुन्हा घड्याळच बघायचा.

रागीट होत्याच त्या. हायवेवर मागून भोंगा वाजवणाऱ्या कंटेनरवाल्याला त्यांनी एकदा पळस्प्याला गाठला, केबिनच्या दारावर थापा मारून खाली उतरवला आणि "तुजी आय रस्त्यानं चालली असती तर असाच वाजवला असतास का?" असं विचारलं. तो द्रोणागिरीच्या गोदामाकडे माल घेऊन निघालेला बिहारी माणूस. त्याला भाषा कळली नाही, पण अर्थ कळला. त्याने हात जोडले. काकींनी त्याला पिशवीतलं केळं दिलं आणि मगच सोडलं.

काका मात्र शांत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, बाकीचे दिवस ओट्यावरच्या खुर्चीत. त्यांच्या हातात कायम फोन. काकींनी घड्याळ घातलं ते केवळ काकांसाठी. मुलाने ते अशा खुबीने जोडून दिलं होतं की काकी जिथे असतील तिथे काकांच्या फोनवर एक निळा ठिपका दिसायचा. काका त्या ठिपक्याकडे क्रिकेटचा सामना बघावा तसे बघायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आता कर्नाला चढतेय." ठिपका थांबला की त्यांचा जीव खालीवर. म्हणून काकी वडखळला पोचल्या की तिथल्या चहाच्या टपरीशी उतरून त्यांना फोन करायच्या. "थांबलेय फक्त. मेले नाय," एवढंच बोलायच्या.

त्या वर्षी क्लबने मोठी शर्यत ठेवली. पनवेलहून माणगावपर्यंत जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं, दोनशे किलोमीटर. वेळेत पूर्ण करणाऱ्याला पदक. काकांनी अख्ख्या गावात सांगून टाकलं की आमची बाय जाणार आणि पदक आणणार. त्यांना ते टीव्हीच्या वर, कुलदैवताच्या फोटोशेजारी लावायचं होतं. खिळासुद्धा ठोकून घेतला होता मुलाकडून. बाकी कशाची त्यांना हौस उरली नव्हती, आणि दिवस कमी आहेत हे त्यांनाही दिसत होतं.

आता नियम ऐका. पूर्वी अशा शर्यतीत वाटेत ठिकठिकाणी कार्यकर्ते बसायचे आणि कार्डावर सही करायचे. पण आदल्या वर्षी एका प्रतिष्ठित गृहस्थांनी आपली सायकल मदतीच्या गाडीच्या टपावर बांधली, घड्याळ डॅशबोर्डवर ठेवलं आणि ड्रायव्हरला हळू चालवायला सांगून स्वतः मागच्या सीटवर झोपले. ते पकडले गेले. त्यांना कुणी काही बोललं नाही, कारण ते देणगीदार होते. त्यांच्याऐवजी नियम कडक झाला. सह्या बंद, सगळा निकाल घड्याळातल्या नोंदीवरून. आणि घड्याळ माणसाच्याच हातावर होतं हे कळावं म्हणून हृदयाच्या ठोक्यांची नोंद सलग हवी. चोरी करणारा एक, आणि झडती सगळ्या गावाची.

निघायच्या वेळी घड्याळं तपासणारा एक मुलगा काकींना म्हणाला, "काकी, बांगड्या काढून ठेवा. घड्याळ घट्ट बसलं पाहिजे."

काकींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो एक पाऊल मागे सरला. "नवरा दवाखान्याच्या फेऱ्या मारतोय, न मी हात रिकामा करू?"

"नाही, म्हणजे नियम..."

"तुज्या नियमाला नवरा हाय का?"

त्याने नाद सोडला. काकींनी बांगड्या कोपराकडे सारल्या आणि घड्याळ मनगटावर घातलं. घातलं कसं, तर बांगडीसारखं. सैल, हात हलला की हलणारं. हातात घालायची वस्तू कशी घालायची हे त्यांना कुणी नव्याने शिकवायची गरज नव्हती. लहानपणापासून त्यांच्या हातातली प्रत्येक वस्तू अशीच खाली-वर होत आली होती. मला ते दिसलं, पण त्यात काही बिघडेल असं माझ्याही डोक्यात आलं नाही.

त्या दिवसाचं वर्णन करत बसत नाही. गोवा हायवेचे खड्डे तुम्ही खाल्ले असतील तर कल्पना करा, नसतील तर सुखी राहा. माणगावला मी पोचले तेव्हा काकी परत फिरत होत्या आणि जाताजाता केळी वाटणाऱ्या पोरांना झापत होत्या. "हिरवी केली देताय? मानसं मारायचीत का?" माझ्याकडे बघून त्यांनी हात उंचावला तो बांगड्या वाजवतच. संध्याकाळी मी फरफटत पनवेलला आले तर त्या केव्हाच पोचून चहा पीत बसल्या होत्या.

चार दिवसांनी निकाल लागला. काकींच्या नावापुढे 'अपात्र'. कारण, हृदयाची नोंद खंडित.

आम्ही अध्यक्षांकडे गेलो. हे अध्यक्ष म्हणजे सायकलीचे सुटे भाग परदेशातून मागवणारा आणि मराठी वाक्यात मराठी शब्द कमीत कमी वापरणारा माणूस. त्यांनी लॅपटॉप आमच्याकडे वळवला. हृदयाची लाल रेघ होती, मग नव्हती, मग पुन्हा होती. "हे बघा काकी, इथे ब्रेक आहे. इथे परत ब्रेक. हार्ट रेटच नाही. डेटा असं म्हणतोय की घड्याळ तुमच्या बॉडीवर नव्हतं."

"म्हंजे माजा कालीज बंद पडलेला?"

"तसं नाही, पण सिस्टिमच्या दृष्टीने..."

"मंग मेलेली बाय सायकल चालवीत आली का?"

मी म्हटलं, मी त्यांना माणगावला डोळ्यांनी पाहिलं आहे. केळीवाल्या पोरांना विचारा, त्यांच्या कानात अजून शिव्या असतील. अध्यक्ष समजूतदारपणे हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. "मॅडम, तुम्ही मॅथ्स शिकवता. तुम्ही तरी इमोशनल होऊ नका. विटनेस नियमात नाही."

काकींनी एकच विचारलं, "मला कोनी इचारणार हाय का, की बाय, तू गेलीस का नाय?" अध्यक्षांनी लॅपटॉप बंद केला.

इमोशनल होऊ नका म्हणतात, तर नाही झाले. त्या संध्याकाळी काकांच्या ओट्यावर बसून मी काकींची नोंद उघडली. वर रस्त्याचा नकाशा, खाली हृदयाची रेघ. जिथे रेघ तुटत होती तिथे बोट ठेवून मी वरचं ठिकाण वाचत होते. काका खुर्चीतून वाकले. ऐन उमेदीत त्यांनी त्याच रस्त्यावर टेम्पो चालवला होता.

"ह्यो पेनच्या पुढचा," ते म्हणाले. "ह्यो वडखल. न ह्यो नागोठन्याचा खड्डा, माज्या टेम्पोचा पाटा तुटलेला तितं."

रस्ता चांगला तिथे काकींचं हृदय चालू. रस्ता फुटका तिथे बंद. परत येताना पुन्हा त्याच जागी, उलट क्रमाने, तसंच. धक्क्यांनी बांगड्या कोपराकडून घसरत खाली यायच्या, सैल घड्याळाखाली शिरायच्या, आणि घड्याळाच्या पोटातला, ठोके मोजणारा हिरवा दिवा कातडीऐवजी काच बघत बसायचा. डॅशबोर्डवर ठेवलेल्या घड्याळाला खड्डा कळत नाही. हे घड्याळ हातावर होतं म्हणूनच रेघ तुटली होती. इतका सरळ पुरावा मी आयुष्यात पाहिला नाही. तुटलेल्या रेघेनेच काकींची साक्ष दिली होती.

मी सगळं मांडून, आकृत्या काढून समितीला पाठवलं. उत्तर आलं, 'निरीक्षण रोचक आहे. तथापि निकाल अंतिम आहे.' पुढच्याच आठवड्यात पोलिसांनी क्लबच्या दुसऱ्या एका कार्यक्रमाला रस्ता नाकारला, तेव्हा याच अध्यक्षांनी ग्रुपवर गर्जना केली, 'आम्ही काही हातात बांगड्या भरलेल्या नाहीत.' खाली लोकांनी अंगठे आणि टाळ्या टाकल्या. मी लिहिलं, 'भरलेल्या असत्या तर माणगावपर्यंत तरी गेला असतात.' मला ग्रुपमधून काढण्यात आलं. त्याचं मला काडीचंही दुःख नाही.

काकांना मात्र लागलं. गावातली माणसं ओट्यावर टेकायची आणि पदकाचं काय झालं म्हणून विचारायची, काही मुद्दामच. काका प्रत्येकाला सांगायचे, "मी पायला ना तिला अख्खा दिवस फोनमदी." समोरचा मान डोलवायचा, त्यात विश्वास किती ते त्यांना समजायचं. भिंतीवरचा खिळा तसाच राहिला. पावसाळा संपता संपता काका गेले.

त्या दिवशी मी खालीच होते. भावकीतल्या बायका जमल्या. काकींची थोरली जाऊ पुढे आली आणि तिने काकींचा हात धरला. काकी म्हणाल्या, "फोडू नका. मी काढतंय." जाऊ म्हणाली, "काढायच्या नसतात. फोडायच्या असतात." आणि सोन्याच्या पाटल्या उतरवून, पाट्याच्या दगडावर हात आपटून तिने तो चुडा फोडला. कंटेनरवाल्याला खाली उतरवणाऱ्या या बाईने हात मागेही घेतला नाही. एक काच मनगटात शिरली, रक्त आलं. मी पुढे झाले तर भावकीतल्या दोन बायकांनी मला मागे ओढलं, "तू भाडेकरू ना, तुला काय कललं." मला कळत होतं. माणूस गेला त्याचं दुःख करायला तिला वेळ द्यायचा सोडून आधी तिच्या हातांवर तुटून पडणाऱ्या या रीतीला काय म्हणायचं, तो शब्द मी इथे लिहीत नाही. क्लबचा नियम काय आणि हा काय. दोघांनाही तिचा हात रिकामाच हवा होता.

पुढच्या वर्षी शर्यतीची जाहिरात आली आणि काकी माझ्या दाराशी. "नाव घाल माजं."

"कशाला काकी? त्या माणसांच्या तोंडी लागायचं?"

"ह्या वर्षीचा पदक मला नको. मला मागचा हवाय. त्या क्लबवाल्यान्ला दाखवायचं हाय, की बाय तीच, गारी तीच, रस्ता तोच. मंग कसा नाय म्हनतील?"

गणिताच्या बाईलाही याहून चांगली सिद्धता सुचली नसती. तपासणाऱ्या मुलाने या खेपेला काही म्हटलं नाही. मोकळ्या मनगटावर घड्याळ घट्ट बसलं, काचेच्या त्या व्रणाच्या अगदी वर. निघताना सवयीने काकींनी दोन्ही हातांवरून तळवा कोपराकडे फिरवला. सारायला काही नव्हतं. त्या तशाच निघाल्या.

त्या पोचल्या. नोंद आली. मी दोन्ही वर्षांच्या नोंदी एकाखाली एक ठेवल्या. वेग जवळपास तोच, दमायची ठिकाणं तीच. गेल्या वर्षी जिथे जिथे रेघ तुटली होती, तिथे आता ती सलग होती. आणि वडखळपाशी माझं बोट थांबलं. काकी तिथे उतरल्या होत्या, नेहमीसारख्या, त्या टपरीशी. वेग शून्य. आणि हृदय मात्र कर्नाळ्याच्या चढावर असावं तसं धडधडत होतं. फोन करायला घरी ओट्यावर कुणी नव्हतं, ठिपका बघत बसणारं कुणी नव्हतं. बाई नुसती उभी होती. ती रेघ बघताना मला रडू आलं, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही.

पदक देताना अध्यक्ष माइकवर म्हणाले, "काकी, धिस इयर युवर डेटा इज ब्युटिफुल. एकदम क्लीन."

टाळ्या थांबेपर्यंत काकी थांबल्या. मग म्हणाल्या, "मागचा कुटं हाय?"

"मागचं काय?"

"मागच्या वर्साचा पदक. तीच मी हाय. मास्तरनीनं दोन्ही कागद आनलेत, बगा."

"काकी, ते चॅप्टर क्लोज झालं. जुनं विसरा ना आता."

काकींनी दोन्ही हात पुढे केले, मनगटं वर करून. "नवरा व्हता, हातात बांगऱ्या व्हत्या, तवा तुमाला माजा कालीज दिसला नाय. आता हात उघडा झाला तर सुंदर दिसतंय तुमाला?" आवाज चढला नव्हता. त्यांनी पदक टेबलावर ठेवलं आणि मांडवातून चालत बाहेर आल्या. पाठीमागे कुणीतरी पुढचं नाव पुकारलं.

तिथून घरी येताना त्यांनी बाजारात रिक्षा बांगडीवाल्या चाचांच्या दुकानाशी थांबवली. चाचांनी त्यांच्या लग्नातला चुडा भरला होता. काका गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. काकी ओट्यावर बसल्या आणि हात पुढे केला. "हिरव्या. नेहमीच्या." चाचांनी 'बिस्मिल्ला' म्हणून पहिली बांगडी उचलली आणि काकींची बोटं दाबून दाबून ती वर चढवली. व्रणाशी आल्यावर हात हलका केला. गावात नंतर व्हायचं ते झालं. थोरल्या जावेने बोलणं टाकलं, पाण्याच्या टाकीशी बायका कुजबुजल्या.

मी ती जागा सोडून आता दुसरीकडे राहते, काकींची भेट क्वचित होते. पण सोडण्याआधीचा शेवटचा रविवार सांगते. कर्नाळ्याच्या पायथ्याशी मी दम खात उभी होते, आणि मागून बांगड्यांचा आवाज आला. काकी माझ्याशेजारी येऊन थांबल्या. मनगटावर घड्याळ नव्हतं.

"घड्याळ कुठे, काकी?"

"पोराला दिला. आता कोन बगतंय ठिपका?"

जे आजवर कुणीच विचारलं नव्हतं, समितीने नाही, अध्यक्षांनी नाही, आणि साक्षी-पुरावे गोळा करणाऱ्या मीसुद्धा नाही, ते मी तेव्हा विचारलं. "काकी, त्या वर्षी तुम्ही माणगावला गेला होतात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बांगड्या कोपराकडे सारल्या, आधी उजव्या, मग डाव्या.

"गेलते," काकी म्हणाल्या. "न तो बसला व्हता ना बगत, म्हनून परत पन आलते."